नवीन गिऱ्हाईकाला टेबलटॉप आरपीजी कसे विकायचे?

तुम्ही विचारलंय की पुण्यात हॉबी शॉपमध्ये आरपीजीची (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन बोलत बोलत गोष्ट खेळायची) पुस्तकं ठेवलीत, लोक उचलतात, चित्रं बघतात, परत ठेवतात आणि रुबिक क्यूब घेऊन जातात, तर काय करावं. मी न्यू जर्सीत एका गेम स्टोअरच्या काउंटरवर काम करते, इथेही नवीन माणूस अगदी असंच करतो.

माझं मत विचाराल तर जाडजूड पुस्तकं आधी दाखवूच नका. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सगळ्यात प्रसिद्ध आरपीजीची मुख्य पुस्तकं तीन, प्रत्येक तीनशे पानांच्या वर, इथे एकेक ५० डॉलरच्या आसपास, ते बघून माणसाला वाटतं की हे सगळं वाचल्याशिवाय खेळताच येणार नाही. तसं अजिबात नसतं. मी सरळ वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात देते आणि म्हणते, तुम्ही चोर आहात, समोर बंद दरवाजा, पहारेकरी पेंगतोय, किल्ली त्याच्या कमरेला आहे, काय कराल? बहुतेक जण आधी विचारतात की ऑप्शन काय काय आहेत. मी म्हणते, काहीही करा. मग कोणी किल्ली काढतो, कोणी दगड फेकून त्याला लांब पाठवतो, एका मुलीने तर त्याला उठवून त्याच्याशी गप्पाच मारल्या! फासा टाका, आलेल्या आकड्यात ३ मिळवा, बेरीज १२ किंवा जास्त आली तर जमलं. पाच मिनिटांत गेम कळतो, यापेक्षा जास्त नियम पहिल्या दिवशी सांगायचे नाहीत.

आपले मराठी आईबाबा मुलांना घेऊन येतात तेव्हा हमखास विचारतात, ह्यात जिंकतं कोण? मी सांगते, काका, कोणीच नाही, सगळे एका बाजूने खेळतात आणि एक जण गोष्ट चालवतो. हे ऐकलं की मुलांना काय आवडतंय ते त्यांना लगेच समजतं.

आता विक्रीचं. चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम (डंजन मास्टर), बहुतेक वेळा एकच असतो आणि पुस्तकं तोच घेतो. त्यामुळे ग्रुप आला की आधी विचारा, चालवणार कोण? त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा डबा, द्या. २०१४ चा जो होता त्यात ३२ पानांचे नियम, ६४ पानांची तयार गोष्ट, ५ तयार कॅरेक्टर आणि ६ फासे होते, किंमत २० डॉलर, नंतरच्या सेटमध्ये सामान आणि किंमत बदलत गेली. बाकीच्यांना सात फाशांचा एकेक सेट पुरतो, आणि तो रंग बघून हौसेने घेतला जातो, म्हणून फासे काचेच्या कपाटात कुलपात ठेवू नका, हाताला लागतील असे वाडग्यात ठेवा.

आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सचे बेसिक नियम नेटवर फुकट मिळतात हे गिऱ्हाईकाला स्वतःहून सांगा. २०२३ मध्ये तर मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येईल असा, खुला केला गेला. विक्री बुडेल असं वाटेल, पण फुकट नियमांवर चार वेळा खेळलेला ग्रुप पुस्तक घ्यायला आपणहून येतो, हे मी बघत आलेय. तुमच्याकडे तर पुस्तकं बाहेरून येतात, महाग पडतात, मग न खेळता कोण कशाला घेईल?

जागा असेल तर शनिवारी संध्याकाळी एक टेबल मोकळं ठेवा, तयार कॅरेक्टर छापून ठेवा, आणि चालवायला असा माणूस बसवा जो नवख्याचं बोलणं मधेच तोडत नाही. नियम पाठ असलेले पुष्कळ मिळतात, असा माणूस शोधावा लागतो.