व्हिसा आई-आप्पांचा, तुझा नव्हे

पोरी, आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तुझी कंपनी, तुमचे दोघांचे पगार, घराची कागदपत्रं, बँकेचं पत्र, सगळं व्यवस्थित मांडलंयस. आणि आई-आप्पांबद्दल एवढंच की "ते दोघं येणार आहेत." गडबड इथंच आहे बघ. अमेरिकेच्या भेटीचा, म्हणजे बी-वन/बी-टू व्हिसा मागणार आहेत ते दोघं. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपलीकडचा अधिकारी बघणार तोही त्यांच्याकडंच.

अमेरिकेच्या कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. त्याचा अर्थ असा, की भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथं कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. तू महिन्याला किती कमावतेस यानं ही शंका फिटत नाही. उलट लेक एवढी सुखात असेल तर ही माणसं परत कशाला येतील, असंही एखाद्याला वाटेल. परत यायचं कारण इथं, करवीर तालुक्यातल्या तुमच्या शिवारात आहे, आणि ते तुझ्या फाईलमध्ये कुठंच नाही.

ते ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट (खर्चाच्या हमीचं प्रतिज्ञापत्र), निमंत्रणपत्र, उत्पन्नाची अट वगैरे तुझ्या टोरांटोच्या मैत्रिणीनं सांगितलं असणार. तिनं सासू-सासऱ्यांना कॅनडाच्या सुपर व्हिसावर नेलं. तो वेगळाच प्रकार. तिथं बोलावणाऱ्या मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेवर लागतं, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला निमंत्रणपत्र किंवा ॲफिडेव्हिट लागत नाही. खर्च तू करणार असशील तर फॉर्ममध्ये तसं सरळ लिहायचं, बस्स.

आता मुद्द्याचं. आप्पांना विचारलंस का, त्यांना कधी यायला जमेल? बाळंतपण फेब्रुवारीत, म्हणून दोघांनी जानेवारीत निघायचं असं तू परस्पर ठरवलंस. जानेवारीत कारखाना भरात असतो. तोड कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि ऊस उभा टाकून आप्पा अमेरिकेला काय, पंढरपूरलाही जाणार नाहीत हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी परवा त्यांच्याशी बोललो. त्यांचं म्हणणं, आईनं जानेवारीत पुढं जावं, ते मार्चअखेर ऊस गेला की येतील, आणि जुलैच्या आडसाली उसाच्या लागणीआधी दोघं घरी. अगं, हाच बेत फॉर्ममध्ये जाऊ दे. परत का येणार असं विचारलं तर आप्पांना काही पाठ करायला नको. "जुलैत लागण आहे" हे ते झोपेतही सांगतील. आणि ‘एकाला मागं ठेवा, म्हणजे व्हिसा मिळतो’ हा गल्लीतला सल्ला सोडून दे. दोघांचा अर्ज एकत्र कर, तारखा खऱ्या दे.

आप्पांचं आयटी रिटर्न नाही म्हणून तू घाबरलीस, आणि कुणीतरी तुला किराणा दुकान दाखवून रिटर्न भरायचं सुचवलंय. असलं काही करायचं नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा शेतकऱ्याकडं रिटर्न नसणं यात काही विशेष नाही. त्याऐवजी दाखवायला सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, आणि ती बिलं जमा झालेलं जिल्हा बँकेचं पासबुक. मी आयुष्यभर बँकेत खाती बघितली. वर्षातून दोन-तीनदा मोठी रक्कम येते आणि पुढं सावकाश सोसायटीच्या कर्जात, खतात, लग्नकार्यात जाते, अशा खात्यावर माझा विश्वास बसतो. मुलाखतीच्या महिनाभर आधी एकदम पाच लाख आले, तर पहिली शंका मलाच येईल. म्हणून तू तिकडून काही पाठवू नकोस. फॉर्ममध्ये महिन्याचं उत्पन्न विचारतात, तिथं वर्षाच्या बेरजेला बारानं भाग. अधिकारी बऱ्याचदा एकही कागद बघत नाही, तरी पातळ फाईल जवळ असू दे. सातबारा मराठीत असतो, तेव्हा त्यात काय आहे ते चार ओळी इंग्रजीत लिहून वर लाव.

बाळंतपणाचं काय सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न. ‘टुरिझम म्हणा, नायगारा म्हणा’ असं तुला सांगणारे पुष्कळ भेटतील. तुझ्या आईला नायगारा कुठल्या राज्यात आहे ते माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. लेकीला बाळ होणार आहे, पहिलं नातवंड आहे, बघायला चाललेय, हे सांगण्यात काहीच वावगं नाही. फक्त ‘बाळ सांभाळायला कुणी नाही म्हणून चाललेय’ असं म्हणू नये. ते नोकरीसारखं ऐकू येतं, आणि तशी परिस्थितीही नाही, तुमचं डे-केअर ठरलेलं आहे. खोटं मात्र अजिबात नको. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटं सांगून व्हिसा मागितल्याचा शिक्का बसला तर तो जन्मभर पुसत नाही.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म तू भर, पण घाई करू नकोस. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. शिवाय ‘आणखी कुठली नावं वापरली का’ असा प्रश्न येतो, तिथं तू सरळ ‘नाही’ करशील. आईचं लग्नात तांदळात लिहून नाव बदललं होतं, विसरलीस? माहेरचं नाव आणि आडनाव दोन्ही तिथं लिही. जन्मतारीख तिची १ जून आहे, तशीच राहू दे; त्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनलाच घातलाय. व्यवसाय आईचा गृहिणी, आप्पांचा शेती. तुझा व्हिसा एच-वन बी, म्हणजे नोकरीचा असल्याचं नीट लिही, आणि आईला ते दोन शब्द सांगून ठेव. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, असंही विचारतात. तिथं तुझं नाव घाल. फोटो चष्म्याशिवाय.

मात्र शेवटचं सबमिटचं बटण अर्जदारानंच दाबायचं असतं, दुसऱ्यानं नाही. कारण ती त्यांची सही असते. म्हणून तुझ्या भावाला दोघांशेजारी लॅपटॉप घेऊन बसव, तू व्हिडिओवर राहा, आणि सगळी उत्तरं मराठीत वाचून दाखव. त्यात आप्पा निदान तीन चुका काढतील, पैज लाव.

एजंटाबद्दल एकच सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीत, स्टेशन रोडला भरपूर बोर्ड दिसतील. टायपिंगचे पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण व्हिसाच्या साइटवरचं खातं त्याच्या ईमेलवर उघडू देऊ नका. उद्या तारीख बदलायची झाली तर त्याच्या दारात उभं राहावं लागतं. अर्जाची फी माणशी १८५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही.

मुंबईला दोन वेळा हजर व्हावं लागतं, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत मुलाखत. लागोपाठच्या दिवसांच्या तारखा मिळाल्या तर बघ. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी रांगेत उभं करू नकोस त्यांना, एक दिवस आधी जाऊन तुझ्या आत्याकडं राहू देत. आप्पांच्या हाताला घट्टे आहेत, ठसे लवकर उठत नाहीत. आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल लावायला सांग. मोबाइल, स्मार्ट वॉच आत चालत नाही.

मुलाखत मराठीत देता येते, आणि मराठीतच द्यावी. तू रोज रात्री फोनवर त्यांची तालीम घेतेस म्हणे. बंद कर ते. आई घाबरून तुझी वाक्यं तुझ्याच चालीत म्हणायला लागलीय. विचारतील ते साधंच: कुणाकडं चाललात, ती काय करते, किती दिवस, इथं काय करता, बाकी मुलं कुठं असतात. दोन-चार मिनिटांत आटपतं. विचारलं तेवढंच सांगायचं एवढं आप्पांना बजाव. त्यांना कारखान्याच्या राजकारणावर कुणी काही विचारणार नाही.

व्हिसा मिळाला तर बहुधा १० वर्षांचा मिळेल. त्याचा अर्थ १० वर्षं राहायचं असा नाही. किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण ६ महिने देतात. आय-९४ वरची (तिथल्या प्रवेशाच्या नोंदीतली) तारीख त्याच दिवशी बघून ठेव. विमा काढ, आणि आप्पांच्या बीपीसारखे जुने आजार त्यात येतात का ते आधी वाच. बाकी सामानाचं नंतर बोलू.

तुझा,
काका

ता. क. सातबाऱ्यासाठी आप्पांना तलाठ्याकडं पिटाळू नकोस. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत निघतो. गट नंबर माझ्याकडं आहे, मीच उद्या काढून पाठवतो.