वडील झोपेत घोरता घोरता श्वास थांबवतात, पण डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील घोरता घोरता मध्येच गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात, दिवसा बसल्या बसल्या पेंगतात आणि विषय काढला की "मला काही झालेलं नाही" म्हणून अंगावर येतात. आमच्याकडे हेच आईच्या बाबतीत झालं, फक्त ती चिडायची नाही, लाजायची. बाईमाणसाने घोरायचं म्हणजे काय, असं.

आधी माझी चूक सांगते. एका रात्री तिच्या खोलीत झोपले होते. घोरणं थांबलं म्हणून हुश्श केलं आणि मग बघते तर पोट हलतंय, छाती ओढली जातीये, पण नाकातोंडातून हवेचा आवाजच नाही. मी आकडे मोजत बसले, बावीसला आले तेव्हा मोठ्ठा घुर्र असा आवाज करून तिने श्वास घेतला, कूस बदलली आणि परत घोरायला लागली. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून सगळ्यांसमोर वाजवलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. रेकॉर्डिंग जरूर करा, पण ते डॉक्टरांना दाखवायला, बाबांना तोंडघशी पाडायला नाही. ते खोटं बोलत नाहीयेत हो, त्या वेळी ते झोपलेले असतात, त्यांना काय आठवणार.

मग काय कामाला आलं, तर तिची स्वतःची तक्रार. रात्री चार चार वेळा लघवीला उठायची आणि तिला वाटायचं शुगर असणार. शुगर नॉर्मल निघाली. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं की घसा बंद असताना श्वास ओढायचा प्रयत्न चालू राहतो, त्याचा ताण हृदयावर येतो, मग हृदयातून एक हार्मोन सुटतं आणि किडनी जास्त लघवी तयार करते. हे ऐकून ती एकदम सरसावून बसली, कारण घोरणं ही आमची कटकट होती आणि बाथरूमच्या खेपा ही तिची. तुमच्या वडिलांची काय तक्रार आहे ते शोधा. सकाळी डोकं जड असतं का, तोंड कोरडं पडतं का, गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नाही का? त्यासाठी "चला दाखवून येऊ" म्हणा, अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) हा शब्दसुद्धा काढू नका, तो डॉक्टरांना काढू दे. मुलांचं ऐकण्यात कमीपणा वाटतो, डॉक्टरांचं ऐकण्यात वाटत नाही.

डॉक्टर झोपेची टेस्ट सांगतील, तिला "हॉस्पिटलात झोपायला नेणार" म्हणून घाबरतील. बऱ्याच लोकांची घरीच होते, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी आणि बोटाला क्लिप, बस. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार असेल तर मात्र लॅबमध्येच करायला सांगतात. तासाला किती वेळा श्वास अडला (निदान दहा सेकंद) त्याचा आकडा येतो. पाचच्या खाली नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. आईचा ३४ आला. आकडा कमी आला तर वजन, कुशीवर झोपणं, दातांच्या डॉक्टरांकडून बनवून घ्यायचं जबडा पुढे धरणारं उपकरण, असेही मार्ग असतात.

आईला सीपॅप दिलं, म्हणजे रात्री मास्क लावून झोपायचं मशीन. खरी लढाई ते घरी आल्यावर. "मला ऑक्सिजनवर ठेवता का" हे पहिलं वाक्य. तो ऑक्सिजन नाही, खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत जाते म्हणजे घसा मिटत नाही, एवढंच. पहिल्या रात्री नाकतोंड झाकणारा मोठा मास्क लावला आणि दहा मिनिटांत तिने ओढून फेकला, म्हणाली जीव गुदमरतो. आठवडाभर मशीन कपाटावर. मग मास्क बदलून फक्त नाकपुड्यांना टेकणारा छोटा घेतला आणि रात्रीचा नादच सोडला, संध्याकाळी सिरियल बघताना नुसता मास्क लावून बसायची, मशीन न जोडता, नंतर मशीन चालू करून. त्यात रॅम्प नावाची सोय असते, दाब हळूहळू वाढतो, ती चालू करून घ्या. नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी सोय), आणि शिट्टीसारखा आवाज आला तर मास्क लीक होतोय. तोंड उघडं ठेवून झोपत असतील तर छोटा मास्क कदाचित चालणार नाही, म्हणून विकत घ्यायच्या आधीच मास्क बदलून मिळेल का ते विचारा.

पहिला महिना रोज सकाळी "किती तास लावलं?" असं विचारू नका. मशीनमध्ये सगळी नोंद असते, ती डॉक्टर बघतील.

दोन गोष्टींत मात्र त्यांच्या कलाने घेऊ नका. गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर इलाज नीट बसेपर्यंत गाडी बंद, रुसले तर रुसू देत. आणि झोप नीट लागत नाही म्हणून झोपेची गोळी स्वतःच्या मनाने नाही, दारूही नाही, दोन्हीने घसा आणखी सैल पडतो.

आईने अजून एकदाही "बरं वाटतं" असं कबूल केलेलं नाही. पण मागच्या महिन्यात ताईकडे राहायला निघालो तेव्हा कपड्यांच्या आधी मशीनची बॅग तिनेच दाराशी आणून ठेवली होती, आणि वर मलाच विचारते, वायर घेतलीस ना गं?