अमेरिकेत मक्याच्या संशोधनाला शेतकरी स्वतः पैसे देतात, हे खरं आहे का?

हो, देतात, पण सगळा खर्च त्यांचा नसतो. आयोवा राज्यात मका विकला की पहिला खरेदीदारच बुशेलमागे (साधारण २५.४ किलो) १ सेंट कापून घेतो, आपल्याकडे आडत्याच्या पट्टीत हमाली-तोलाई कापतात तसाच. हा पैसा शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या आयोवा कॉर्न प्रमोशन बोर्डाकडे जातो. कपात पटली नाही तर अर्ज करून पैसे परत मिळतात, ही सोय मला फार आवडली. याच पैशातून मक्याच्या साखरेपासून मोनोइथिलीन ग्लायकॉल बनवायची पद्धत निघाली, बोर्डाने तिचं पेटंटही घेतलं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतला हा घटक एरवी खनिज तेल-वायूपासून येतो. मात्र नव्या वाणांवरचा मोठा खर्च बियाणे कंपन्याच करतात, आणि कपातीतला बराच पैसा बाजारपेठ वाढवण्यावरही जातो.