प्रभागरचना की परिसीमन?

परभणीच्या एका वाचकाने विचारले आहे की, महापालिकेच्या निवडणुकीआधी लोकसंख्येच्या हिशेबाने शहराचे भाग नव्याने पाडले जातात, त्या कामाला कोणी प्रभागरचना म्हणतो, कोणी पुनर्रचना, तर कोणी परिसीमन. यांतला नेमका शब्द कोणता, आणि 'वॉर्ड' व 'प्रभाग' हे एकच की वेगळे?

दुसरा प्रश्न सोपा आहे. इंग्रजी कायद्यातील 'वॉर्ड'ला मराठीत 'प्रभाग' म्हटले गेले, त्यामुळे कागदोपत्री दोन्ही एकच. बोलण्यात मात्र फरक पडला आहे आणि त्याला कारणही आहे. औरंगाबादेत २०१५ची निवडणूक ११३ एकसदस्यीय वॉर्डांत झाली. आता त्याच शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, ११५ नगरसेवक २९ प्रभागांतून निवडून द्यायचे असतात आणि बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. साहजिकच एका नगरसेवकाचा तो वॉर्ड आणि चौघांचा तो प्रभाग, अशी वाटणी लोकांच्या कानाने करून टाकली. शब्द म्हणून 'प्रभाग' जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला, उदाहरणार्थ पावाच्या निम्म्याला, 'प्रभागजाती' म्हटले आहे. प्रभाग म्हणजे भागाचा भाग.

आता मूळ प्रश्न. 'परिसीमन' हा शब्द अशुद्ध नाही, पण तो आपल्याकडे रुळला तो हिंदीतील 'परिसीमन आयोगा'च्या वाटेने, आणि तोही लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांपुरता. त्यातली 'सीमा' आपल्या गावात 'शीव' होऊन केव्हाची नांदते आहे. परिसीमन म्हणजे सभोवार शीव आखणे. प्रभागांचे काम तसे चालत नाही. शहराच्या लोकसंख्येला एकूण सदस्यसंख्येने भागून, प्रभागातील जागांच्या संख्येने गुणून सरासरी काढतात. उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेकडे सरकत, जनगणनेतील एकेक प्रगणक गट (एका प्रगणकाला मोजणीसाठी दिलेली घरे) शक्यतो न फोडता जोडत जातात. आणि बेरीज सरासरीच्या दहा टक्के मागेपुढे आली की रस्ता, नाला किंवा रेल्वेमार्ग पाहून तेथे हद्द पडते. म्हणजे आधी माणसांची जुळवणी, मग रेघ. अशा कामाला 'रचना' हाच शब्द शोभतो.

मग 'पुनर्रचना' का नको? एक तर, दर जनगणनेनंतर जुन्या चौकटीत दुरुस्ती होते, असा समज त्या शब्दाने होतो. प्रत्यक्षात २०२५ची रचना २०११च्याच जनगणनेवर झाली. लोकसंख्येचा आकडा तोच राहिला आणि तरीही चौकट बदलली, कारण एका प्रभागातून किती सदस्य घ्यायचे हे कायद्याने मधल्या काळात अनेकदा बदलले. प्रत्येक वेळी मांडणी मुळापासूनच करावी लागते. (जाता जाता : संस्कृत संधिनियमाने र् पुढे र आला की पहिला लोपतो व आधीचा स्वर दीर्घ होतो, निर् + रोग = नीरोग; त्या न्यायाने 'पुनारचना' व्हायला हवे होते. मराठीने 'पुनर्रचना' स्वीकारले आहे, आता त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.) जुन्या रचनेशी तुलना करायची असेल तेव्हा मात्र 'पुनर्रचना' किंवा 'फेररचना' खुशाल लिहावे.

'हद्दवाढ' हा शब्द यात मिसळू नये. हद्दवाढीने शेजारचे गाव महापालिकेत येते. प्रभागरचनेने शहराची बाहेरची शीव हलत नाही. जिल्हा परिषदेच्या 'गटा'ला आणि पंचायत समितीच्या 'गणा'लाही प्रभाग म्हणण्याची चूक अलीकडे दिसते, तीही टाळावी.

राहता राहिली बोली. 'आमचा वार्ड फुटला', 'आमची गल्ली तिकडं गेली' असे आपल्याकडे म्हणतात. गल्ली जागची हललेली नसते, पण प्रभागरचनेच्या प्रारूपावर, म्हणजे कच्च्या आराखड्यावर, हरकत नोंदवायला निघालेल्या माणसाची तक्रार नेमकी तीच असते, आणि ती 'परिसीमना'त कोठेही सापडत नाही.