लाइट आल्यावर ओएनटीचे दिवे हिरवे, पण मेशवर लाल दिवा. रिसेट करू का?

रिसेट करू नका. तुम्ही लिहिलंय त्यानुसार लाइट तीन-चार वेळा ये-जा करून आली, ओएनटीवर (फायबर जिला जोडलेली असते ती कंपनीची डबी) पॉवर आणि पॉन (फायबरची जोडणी दाखवणारा) हे दिवे स्थिर हिरवे आहेत, एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलेला नाही, मेशच्या (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या तीन डब्यांच्या) मुख्य डबीवर लाल दिवा आहे आणि बाकीच्या दोन डब्यांवर फोन जोडला जातो पण नेट नाही. म्हणजे बाहेरून येणारी फायबर ठीक आहे. अडकलंय ते ओएनटीच्या पुढे. पिन खुपसून रिसेट केलंत तर पीपीपीओईचं (कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (नेटसाठी कंपनीने ठरवलेला), ब्रिज मोड (ओएनटी फक्त सिग्नल पुढे देतो, लॉगिन मेश करते) सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग नेटवाल्याची वाट बघत बसावं लागेल.

अशा वेळी बहुतेकदा दोनपैकी एक झालेलं असतं. एक तर सगळी उपकरणं एकदम चालू झाली. ओएनटीला सिग्नल धरून कंपनीच्या ओएलटीकडे (फायबरच्या पलीकडच्या टोकाचं यंत्र) नोंदणी करायला वेळ लागतो, तेवढ्यात मेश उठून आयपी (नेटवरचा पत्ता) मागते आणि द्यायला कोणी नसतं. शहाणं फर्मवेअर (डबीतलं सॉफ्टवेअर) पुन्हा पुन्हा मागत राहतं, काही डब्या मात्र लाल दिवा लावून रुसून बसतात. दुसरी शक्यता जुन्या पीपीपीओई सेशनची. वीज अचानक तुटली की राउटरला सर्व्हरकडे लॉगआउट कळवता येत नाही. सर्व्हरच्या लेखी तुमचं लॉगिन चालूच असतं, आणि एका वेळी एकच लॉगिन अशी अट असेल तर नवं नाकारलं जातं. पलीकडून उत्तर येत नाही हे कळलं की सर्व्हर ते सेशन स्वतःच तोडतो, पण त्याला काही मिनिटं द्यावी लागतात. दर मिनिटाला बटण चालू-बंद करून काही साधत नाही ते यामुळेच.

म्हणून ओएनटी आणि तिन्ही डब्या भिंतीवरच्या बटणाने बंद करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग फक्त ओएनटी चालू करा. पॉनचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की आणखी एक मिनिट थांबून मुख्य डबी चालू करा. तिचा दिवा नीट झाल्यावरच बाकीच्या दोन. या दोघींना उशीर लागला तर घाबरू नका: ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ या पट्ट्यातलं चॅनेल असेल तर डबीला आधी किमान ६० सेकंद त्याच पट्ट्यात चालणारं रडार आहे का ते ऐकावं लागतं, त्यानंतरच ती प्रसारण सुरू करते.

तरीही लाल? मग मेशच्या ॲपमध्ये इंटरनेट किंवा वॅन आयपी (म्हणजे मेशला बाहेरून मिळालेला पत्ता) काय दिसतो ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं. ०.०.०.० असेल तर वरून काहीच मिळत नाही: लॅन केबल बदला, ओएनटीचं दुसरं लॅन पोर्ट वापरून बघा (ब्रिज मोडमध्ये अनेकदा एकच ठरावीक पोर्ट चालतं, हे लक्षात ठेवा). १९२.१६८.१.काहीतरी दिसत असेल आणि आधी पीपीपीओई मेशवर होतं, तर ओएनटी ब्रिज मोड सोडून राउटर मोडवर गेलेला असू शकतो. कंपनीला फोन करून ब्रिज परत लावून घ्या, किंवा तोवर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे राउटरचं काम न करता फक्त वाय-फाय देईल अशी) टाका. १०० ने सुरू होणारा, म्हणजे १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो कंपनीचा सामायिक नॅट आहे (अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता). आयपी बरोबर असून साइट उघडत नसतील, पण ब्राउझरमध्ये १.१.१.१ उघडत असेल, तर फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) बदलायचा.

लॅपटॉप थेट ओएनटीला लावून बघा असं बरेच जण सांगतात. ओएनटी राउटर मोडवर असेल तरच त्याला अर्थ आहे. ब्रिज मोडमध्ये लॅपटॉपवरून पीपीपीओई डायल केल्याशिवाय नेट येणार नाही, आणि काही स्थानिक केबलवाले मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, तिथे तर डायल करूनही येणार नाही.

ॲडॉप्टरकडे दुर्लक्ष करू नका. लाइटची ये-जा झाली की आतला कपॅसिटर जाऊ शकतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसतात, पण वाय-फायचे रेडिओ चालू होऊन लोड आला की व्होल्टेज पडतं आणि डबी दर मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होते. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिन आणि तिची पोलॅरिटीही (+ आत की बाहेर) जुळायला हवी. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना चुकून १२ चा लावू नका. घाईत ॲडॉप्टरची अदलाबदल होतेच, म्हणून प्रत्येकावर पट्टी चिकटवून ठेवा.

एलओएसचा लाल दिवा पुढे कधी लुकलुकला तर मात्र घरात काही शोधू नका. पिवळी वायर जोरात वाकलेली नाही आणि हिरवं कनेक्टर नीट बसलंय एवढं पाहा, फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, आणि तक्रार नोंदवा. लाइट गेल्यावर ओएलटीची बॅटरीही संपलेली असू शकते. शेजाऱ्यांचंही नेट बंद असेल तर बिघाड बाहेरचाच समजा.

घरी इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे इको आणि यूपीएस असा स्विच आहे का बघा आणि तो यूपीएसवर ठेवा. इकोमध्ये बॅटरीवर जाताना जो क्षणाचा खंड पडतो तो पंख्याला कळत नाही, राउटरला कळतो. इन्व्हर्टर नसेल तर ॲडॉप्टरइतक्याच व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, अँपिअर डबीच्या ॲडॉप्टरपेक्षा कमी नको. तो ओएनटी आणि मुख्य डबी या दोघांनाही हवा, एकालाच लावून उपयोग नाही. बाकीच्या दोन डब्या बंद पडल्या तरी मुख्य डबीजवळच्या खोल्यांत नेट चालू राहतं.