आधी तिथी पाहा, मग खोली

प्रश्न : ताई, एप्रिलअखेर मुलाची परीक्षा संपली की आम्ही पाच जण अंदमानला जाणार आहोत. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, नुकतीच बारावी दिलेली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. आईंचे दोन्ही गुडघे दुखतात, पण सावरकरांची कोठडी पाहायचीच हा त्यांचा हट्ट आहे. एजंटाने सहा रात्रींत तीन बेटं बसवली आहेत. मला मात्र हॅवलॉकला समुद्रालगतच्या रिसॉर्टमध्ये चार रात्री निवांत राहायचंय. नवरा म्हणतो, नुसतं बसायला एवढे पैसे कशाला? आणि आई तिथे करणार काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचंच बरोबर आहे. एक रात्र पोर्ट ब्लेअरला, चार हॅवलॉकला, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. तिसरं बेट सोडून द्या. एक बेट वाढलं की बोटीच्या दोन रांगा वाढतात, बॅगा बांधणं वाढतं, आणि या सगळ्याचा भार आईंच्या गुडघ्यांवर येतो. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला मुद्दाम सांगतेय. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. (नावांचा घोळ होऊ नये म्हणून सांगते : हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप झालं आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोलताना लोक अजून जुनीच नावं घेतात.)

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मी मालवणची. समुद्र मला कळतो अशा विश्वासाने दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन हॅवलॉकला गेले. फोटोत खोलीच्या पायरीशी निळं पाणी होतं. आम्ही दुपारी तीनला पोचलो, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पाणी कुठेच नव्हतं. समोर दूरपर्यंत खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, शेवाळ आणि मध्ये मध्ये डबकी. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "अगो, हंय तर सुकती." आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. पैसे भरताना रिसॉर्टने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, त्याचा राग मला आजही आहे.

कारण साधं आहे. हॅवलॉकची बरीचशी रिसॉर्टं पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला आहेत. तिथे किनाऱ्यालगत उथळ खडकाळ पट्टा आहे. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, उधाण येतं, आणि भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते. तेव्हा हा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार हटतही नाही. म्हणून तिकिटं काढण्याआधी कालनिर्णय उघडा आणि हॅवलॉकच्या चार रात्री अष्टमीच्या आगेमागे बसतात का ते पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं गणित मात्र तिथे लावू नका, भरतीची घडी जागेनुसार बदलते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो, त्यात पोर्ट ब्लेअर असतं. रिसॉर्टला फोन करून सरळ विचारा, "आमच्या तारखांना पूर्ण भरती किती वाजता?" भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेवढं धरून दिवस आखा. पाणी असेल तेव्हा समुद्र, नसेल तेव्हा जेवण, झोप, पत्ते. खोली तळमजल्याची आणि जेवणघराजवळची मागा.

एप्रिलअखेर समुद्र बहुधा शांत असतो, पण त्यापुढे फार लांबवू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मान्सून अंदमानात पोचतो, हे आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतोच. ऊन कडक असेल. आणि घड्याळ तुम्हाला फसवेल : तिथे आपलीच वेळ चालते, पण बेटं इतकी पूर्वेला की एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडतो. हॅवलॉकचाच राधानगरचा किनारा पश्चिमेला, मऊ वाळूचा. तिथे चारलाच पोचा. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं, तिथे स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायची सोय आहे. आईंसाठी हे महत्त्वाचं.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला, प्रवाळ पाहायला, नवरा आणि मुलं जाऊ देत. होडीतून थेट पाण्यात उतरावं लागतं, आईंना ते नको. मुलाला एक गोष्ट नीट समजावून पाठवा : प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी, त्यावर पाय ठेवायचा नाही आणि तुकडाही घरी आणायचा नाही. तो कायद्याने संरक्षित आहे. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ कोणीही पोहू नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे आहेत, २०१० मध्ये हॅवलॉकला एका पर्यटक स्त्रीचा जीव गेला. जीवरक्षक नाही म्हणाला की वाद घालायचा नाही.

जेवणाची चिंता नको. गावं फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची, वरण-भात-भाजी कुठेही मिळते. भाजणीचं थालीपीठ लागतंच असेल तर पीठ घेऊन जा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्या. आईंची रोजची औषधं दोन दिवसांची जास्त ठेवा. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं. आणि सावरकरांची कोठडी पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. पहिल्या दिवशी, पाय ताजे असताना, सकाळी न्या. मध्ये थांबत, घाई न करता.

राहिला तुमच्या नवऱ्यांचा प्रश्न, आई तिथे काय करणार. माझी आई आयुष्यभर समुद्राकाठी राहिली, पण पाण्यात कधी बसली नव्हती. मालवणात बायका मासे निवडायच्या, जाळी सुकवायच्या, पाण्यात पुरुष आणि पोरं जायची. तिसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही प्लास्टिकची खुर्ची गुडघाभर पाण्यात रोवली, लाट नव्हतीच, आणि दोघांनी धरून तिला बसवलं. पाऊण तास ती उठली नाही. पदर भिजला तो तिने सावरलाही नाही. "गुडघे हलके झाले गो," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी तयार होऊन बसली.

खुर्ची हातांची मागा, नुसतं स्टूल नको. आईंना सुती साडी नेसवू नका, भिजली की जड होते. सिंथेटिक नेसवा.