पुडिंगमध्ये साखर किती?

(वाचकांचे प्रश्न. या वेळी विलायती पदार्थांवर आलेल्या पत्रांना उत्तरं.)

प्रश्न : मार्माइट जॅमसारखा पोळीला लावला तर कडू-खारट लागतो, घशाखाली उतरत नाही. इंग्रज तो खातात तरी कसा? शाकाहारी आहे का? – डोंबिवली

उत्तर : जॅमसारखा लावला, तिथेच बिघडलं. मार्माइट म्हणजे बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा अर्क. 100 ग्रॅममध्ये सुमारे 10 ग्रॅम मीठ. लोणच्याचा खार आपण वाटीने पीत नाही, तसंच हे.

टोस्ट गरम असतानाच त्याला कडेपर्यंत लोणी लावा, बिनमिठाचं. ते वितळलं की सुरीच्या टोकावर हरभऱ्याच्या डाळीएवढा मार्माइट घेऊन पसरवा. खालचं लोणी दिसत राहिलं पाहिजे. पाव काळा झाला तर जास्त झालं. गार पावावर तो पसरत नाही, गुठळी राहते आणि एकाच घासात सगळं मीठ येतं. पोळीपेक्षा कुरकुरीत टोस्टच बरा. बाटली संपत नसेल तर मसुराच्या आमटीत अर्धा छोटा चमचा घाला आणि मीठ तेवढं कमी करा.

शाकाहारी आहे, पण त्यात बार्ली आणि गहू येतो, त्यामुळे ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी टाळावा. आणि त्याला नाकं मुरडण्याआधी एवढं ध्यानात घ्या : 1928 पासून डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. त्यातल्या बऱ्याच कापड गिरण्यांत राबणाऱ्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे याच मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे विल्स यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. गरोदरपणात दिली जाते ती हीच गोळी.

प्रश्न : यॉर्कशर पुडिंग आमच्या ओटीजीत फुगत नाही, फुगलंच तर मधे बसतं. शिवाय साखर किती घालायची ते कुठेच दिलेलं नाही. – नाशिक

उत्तर : साखर अजिबात नाही. हे पुडिंग भाजलेल्या मांसाबरोबर, ग्रेव्ही ओतून खातात. पूर्वी ते मांसाच्याही आधी वाढत, म्हणजे पोट अर्धं भरायचं आणि महागाचं मांस पुरायचं.

प्रमाण वजनाने धरू नका, मापाने धरा. तीन अंडी फोडून पेल्यात कुठवर येतात ते पाहा. तेवढंच दूध, तेवढाच मैदा, चिमूटभर मीठ. आधी मैदा-अंडी घोटून गुठळ्या मोडा, मग दूध. अर्धा तास ठेवा. बेकिंग पावडर नको, वाफेनेच ते वर येतं.

खरी मेख तेलात आहे. मफिनच्या साच्यात प्रत्येक वाटीत छोटा चमचा शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घाला. लोणी जळतं. ओटीजी 230 अंशांवर, साचा पीठ न ओतता, नुसत्या तेलासह आत 10 मिनिटं. तेलातून धुराची रेघ दिसली की पीठ अर्ध्या वाटीपर्यंत ओता. चर्र आवाज आला नाही तर तेल गार आहे. असं पुडिंग चामड्यासारखं चिवट होतं. दार लगेच लावा आणि 20 मिनिटं उघडू नका. ओटीजी लहान, दार उघडताच उष्णता जाते आणि ओल्या भिंती बसतात. वरची कॉइल जवळ असेल तर जाळी एक घर खाली घ्या. सोनेरी दिसल्यावर काढायची घाई होते, पण गडद तपकिरी होईपर्यंत आणखी चार-पाच मिनिटं राहू द्या.

मधला खळगा मात्र दोष नव्हे, ग्रेव्हीसाठी तो हवाच. उंची भिंतींची बघतात : ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 मध्ये चार इंचांहून बुटकं ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे, असं जाहीर केलं होतं. आपल्या ओटीजीत तीन इंच आले तरी पावलं. अंड्याशिवाय होईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. जे होईल त्याला धिरडं म्हणतात.

प्रश्न : नाताळात मिळणारा मिन्स पाय शाकाहारींना चालतो का? – लेस्टर

उत्तर : मिन्स म्हणजे खिमा, पण नाव खिम्याचं असलं तरी या पायच्या, म्हणजे मैद्याच्या भाजलेल्या पारीच्या, आत मनुका, बेदाणे, सफरचंद आणि मसाला असतो. अडचण सुएटची : गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. पाकिटांत हल्ली बहुधा वनस्पती सुएट असतं, घरगुती किंवा बेकरीच्या पायबद्दल विचारूनच घ्या. ख्रिसमस पुडिंगलाही हेच लागू. दोन्हींत ब्रँडी असू शकते. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, हे फार जणांना ठाऊकच नसतं. कस्टर्ड पावडर मात्र निर्धास्त घ्या. आल्फ्रेड बर्डने ती 1837 मध्ये केलीच मुळी बायकोला अंडी सोसत नसत म्हणून.

प्रश्न : हॅगिस खाण्याजोगं असतं का? – कोल्हापूर

उत्तर : वजडी खाणाऱ्याने हा प्रश्न विचारावा? मेंढीची कलेजी, हृदय आणि फुप्फुस शिजवून बारीक करतात. त्यात ओट्स, सुएट, कांदा आणि भरपूर मिरी. पूर्वी ते मेंढीच्या जठरात भरत, आता बऱ्याचदा कृत्रिम आवरणात. पोत मोकळ्या सांज्यासारखा. फुप्फुसांमुळे अमेरिकेत ते 1971 पासून चालत नाही.

स्कॉटलंडच्या दुकानातून आणलेलं हॅगिस शिजलेलंच असतं, फक्त आतपर्यंत गरम करायचं. फॉइलमध्ये गुंडाळून, ताटलीत थोडं पाणी घालून 180 अंशांवर, अर्ध्या किलोला साधारण तासभर. खळखळत्या पाण्यात टाकलं की आवरण फुटतं आणि सगळं पाण्यात जातं. सोबत बटाटा आणि स्वीड सलगम, दोन्ही वेगवेगळे कुस्करून. स्वीडमध्ये लोणी जरा सढळ घाला, नाहीतर घास कोरडा लागतो.